पंचेचाळिशीत एलएलबी: सीईटीच्या अर्जापासून सनदेपर्यंत

जानेवारीत ऑल इंडिया बार परीक्षेचा, म्हणजे वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा निकाल लागला, तेव्हापासून ओळखीच्या बायका फोन करून पहिला प्रश्न एकच विचारतात: एलएलबीला वयाची अट नसते का? नसते. दुसरा प्रश्न असतो तो वेळेचा आणि पैशाचा. त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

१९९८ साली बारामतीतून बी.कॉम. झाले, २००० मध्ये लग्न होऊन साताऱ्याला आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर एका सीए सरांच्या ऑफिसात चिकटले. हिशेब, व्हॅट, पुढं जीएसटी, रिटर्न. २०१९ मध्ये वडील गेले. वारसनोंदीसाठी भावाबरोबर तलाठी कार्यालयात गेले, तेव्हा सातबाऱ्याच्या जोडीला जुने फेरफार हातात आले. आजोबांच्या वेळचं वाटप, विहिरीतला एक चतुर्थांश हिस्सा, कुठल्याशा आत्याचं कमी झालेलं नाव. अक्षर लागत होतं, अर्थ लागत नव्हता. भावाशी वाद वगैरे काही नव्हता. (हे सांगावं लागतं, कारण बाई कायदा शिकते म्हटलं की लोक आधी तोच अंदाज बांधतात.)

मग ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नसले तरी मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. मी अख्खा निकाल उतरवून घेतला. टाळेबंदीच्या रात्री होत्या, ऑफिस अर्धंच चालू होतं. निम्मा निकाल डोक्यावरून गेला, तरी सोडवेना.

शिकायचं हे तिथंच ठरलं. काय शिकायचं, हे ठरायला मात्र पुढं वर्षभर लागलं. डोळ्यासमोर तीन गोष्टी होत्या. एक मोडी लिपी, कारण आमच्या घरातले सर्वांत जुने कागद मोडीत आहेत. दुसरी, मुक्त विद्यापीठातून एम.ए., जे नोकरी सांभाळून सहज झालं असतं. तिसरी एलएलबी. एम.ए. मी सोडलं, ते घरबसल्या होतं म्हणूनच. घरी बसून मी अभ्यास करत नाही, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. समोर शिकवणारा माणूस, शेजारी बाक आणि सहा महिन्यांनी परीक्षा असल्याशिवाय माझ्याकडून पान उलटत नाही. मोडी पुढं कधीही शिकता येईल, असं म्हणून बाजूला ठेवली.

एलएलबी नक्की करण्याआधी मी एक केलं आणि ते इतरांनाही सुचवते. फी भरायच्या आधी महिनाभर त्या विषयातलं सर्वांत रुक्ष पुस्तक वाचून बघायचं. गोष्टीरूप पुस्तकं नकोत, व्हिडिओ नकोत. मी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा घेतला. इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर सगळे केंद्रीय कायदे फुकट मिळतात. सकाळी चहाबरोबर एक-दोन कलमं. कंटाळा आला असता तर तिथंच थांबले असते. आला नाही. उलट गहाणाचे इतके प्रकार असतात हे वाचून ऑफिसातल्या कर्जाच्या फायली वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आता नियमांचं. सध्याच्या पद्धतीनं तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाला कमाल वय नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेनं तीस वर्षांची मर्यादा आणली होती, तिला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, द्यायची नाही असाही एक नियम होता, तो सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच रद्द केला. म्हणजे शिकताही येतं आणि वकिलीही करता येते. खुल्या गटाला पदवीला किमान ४५ टक्के लागतात. राखीव गटांना सवलत आहे. दोन गोष्टी मात्र आधीच तपासा. पत्राद्वारे केलेली एलएलबी बार कौन्सिल मानत नाही, त्यामुळे तशी जाहिरात दिसली तर पुढं चला. आणि दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना कायद्याला प्रवेश मिळत नाही. आमच्या वयाच्या बऱ्याच बायकांनी पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए. केलेलं असतं. त्यांनी सीईटीचे पैसे भरायच्या आधी हा नियम नीट वाचावा.

एप्रिल २०२२ मध्ये सीईटीचा अर्ज भरला. फी हजाराच्या आतच होती. अर्जात पहिलाच रकाना नावाचा आणि तिथंच मी अडकून बसले. आधार, पॅन, बँक सगळं सासरच्या नावानं. दहावीपासून बी.कॉम.पर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावानं. कॉलेजच्या कार्यालयात आधीच जाऊन विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मार्कलिस्टवर आहे तेच भरा मॅडम. बाकी जोडायला लग्नाचा दाखला चालेल." तसंच केलं. त्याचा परिणाम असा, की पुढं तीन वर्षं हजेरीपटावर, ओळखपत्रावर आणि हॉल तिकिटावर मी माहेरच्या नावानं होते. पहिल्या आठवड्यात सरांनी नाव पुकारलं की मला क्षणभर कळायचंच नाही. नवऱ्याला याची फार गंमत वाटायची. कॉलेजचं पत्र आलं की तो दारातून ते नाव मोठ्यानं वाचायचा.

तुमचा लग्नाचा दाखला काढलेला नसेल तर तो सगळ्यात आधी काढा. उशिरा नोंदणी होते, पण साक्षीदार, पुरोहिताचं किंवा पत्रिकेचं काय, यात वेळ जातो. दुसरा कागद पदवी प्रमाणपत्राचा. आमच्या काळात निकालपत्र हातात आलं की संपलं, पदवीदान समारंभाला कोण जातंय! माझ्याकडे पदवी प्रमाणपत्र नव्हतंच. शिवाय बी.कॉम. पुणे विद्यापीठाचं आणि एलएलबी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेटही हवं. दोन्हींसाठी पुण्याला अर्ज केले, फी भरली, टपालानं यायला काही आठवडे लागले. सीईटीच्या निकालाची वाट न बघता हे अर्ज आधी करून टाकल्यामुळे प्रवेशाच्या वेळी धावपळ झाली नाही. बी.कॉम. ते २०२२ या चोवीस वर्षांत कुठंही शिकत नव्हते, असं गॅपचं प्रतिज्ञापत्र १०० रुपयांच्या स्टँपवर करून दिलं. चोवीस वर्षांत काय केलं, यासाठी त्या मसुद्यात फक्त दीड ओळ होती.

परीक्षा पुढं ढकलत ढकलत ऑगस्टच्या सुरुवातीला झाली. दीडशे प्रश्न, दोन तास, चुकीला गुण वजा नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे पहिलं सूत्र. (२०२४ पासून प्रश्न १२० केले आहेत, जुनी पुस्तकं घेताना बघा.) कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे चार भाग. इंग्रजीला सर्वांत जास्त गुण आणि तिथं वय उपयोगी पडलं. इतकी वर्षं आयकराच्या नोटिसा वाचलेल्या होत्या. तर्काच्या कोड्यांनी दम काढला. मी क्लास लावला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणि संगणकावरचा सराव एवढंच. केंद्रावर माझ्या शेजारच्या मुलाला खाली उतरवायला त्याचे वडील आले होते, ते माझ्यापेक्षा लहान दिसत होते. १५० पैकी ८२ पडले.

त्यानंतरचा काळ खरा कंटाळवाणा. निकाल, मग केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची वेगळी नोंदणी, कागदपत्रं चढवणं, त्यांची ऑनलाईन तपासणी, पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी. दिवाळी येऊन गेली तरी चालूच. माझं एक कागदपत्र तिरकं स्कॅन झालं म्हणून परत आलं, ते दुरुस्त करायला दोन दिवसांची मुदत होती. या काळात रोज रात्री एकदा लॉगिन करून बघायचं हे ठरवूनच टाका, कारण संदेश प्रत्येक वेळी येतोच असं नाही. पसंतीक्रमात मी रोज सकाळी जाऊन नोकरीवर परतता येईल एवढीच कॉलेजं टाकली. नावाजलेलं पुण्यातलं कॉलेज टाकायचा मोह झाला होता. पण मिळालं असतं तर गेले असते का? नाही. मग कशाला.

अनुदानित कॉलेज मिळालं. पहिल्या वर्षाची फी परीक्षा शुल्कासकट पंधरा हजारांच्या आसपास गेली. विनाअनुदानित ठिकाणी याच्या कितीतरी पट आकडे ऐकले, तेव्हा पसंतीक्रम भरताना फीचा तक्ता शेजारी ठेवावा. पुस्तकांवर फार खर्च करू नका. प्रत्येक विषयाचा मूळ कायदा, म्हणजे बेअर ॲक्ट, विकत घ्यायचा आणि जाड ग्रंथ ग्रंथालयातून आणायचे.

डिसेंबरमध्ये वर्ग सुरू झाले. सकाळी साडेसातला. सीए सरांना मी प्रवेशाच्या आधीच सांगितलं होतं: सकाळी उशिरा येईन, संध्याकाळी उशिरापर्यंत बसेन, पगार त्या प्रमाणात कमी करा. त्यांनी थोडा कमी केला. खरी अडचण हजेरीची. बार कौन्सिलच्या नियमानं प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते आणि करसल्लागाराच्या ऑफिसात जुलैअखेर, सप्टेंबर, ऑक्टोबर हे महिने माणसाला माणूस राहू देत नाहीत. मी त्या तारखा आधी कॅलेंडरवर मांडून घेतल्या आणि बाकीच्या महिन्यांत एकही तास चुकवला नाही. हजेरी साठवून ठेवायची, रजा साठवतो तशी. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं कॉलेजांना आणखी कडक परिपत्रक काढलं. बायोमेट्रिक हजेरी, कॅमेरे, आणि विद्यार्थी नोकरी करतो का याचं लेखी निवेदन. नोकरी करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवू नये, मालकाचं ना हरकत पत्र आधीच घेऊन ठेवावं. माझं होतं म्हणून त्या आठवड्यात मी निवांत होते. वर्गातल्या काही जणांची झोप उडाली होती.

वर्गात मी एकटी मोठी नव्हते. एक निवृत्त फौजदार होते, एक पंचायत समितीतले कर्मचारी. मुलं पहिले काही दिवस मला बघून उठून उभी राहायची, मग सवय झाली. 'मॅडम'ची 'ताई' झाले तेव्हा बरं वाटलं. मुलं पाठांतरात आमच्या कितीतरी पुढं. पण भाडेकरार, भागीदारी, चेक न वटणं हे विषय आले की सर माझ्याकडे किंवा फौजदारांकडे बघायचे. कलम १३८ चा, म्हणजे चेक बाउन्सचा खटला मी ऑफिसातल्या अशिलांच्या निमित्तानं जवळून पाहिला होता. नोटीस तीस दिवसांत, नंतर पंधरा दिवसांची मुदत, मग महिन्याच्या आत फिर्याद, हे मला कधी पाठ करावंच लागलं नाही.

जे जड गेलं ते वेगळंच. हात. चोवीस वर्षांत मी सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे पेननं काही लिहिलेलं नव्हतं. तीन तासांच्या पेपरला दुसऱ्या तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. पहिल्या सत्रात दोन पेपर त्यामुळे अर्धवट उतरले, पास झाले एवढंच. मग रोज रात्री घड्याळ लावून एक उत्तर लिहायला सुरुवात केली. हलकं जेल पेन, रुंद ओळींची वही. तिसऱ्या सत्रापर्यंत हात सुटला. चष्म्याचंही तसंच; फळ्यासाठी वेगळा, पुस्तकासाठी वेगळा असं करत बसण्यापेक्षा सरळ प्रोग्रेसिव्ह काच करून घ्या, महाग पडते पण सुटका होते.

मधल्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. मुलीची बारावी आणि माझं दुसरं वर्ष एकाच वेळी होतं. घरी दोन अभ्यासाची टेबलं होती आणि स्वयंपाकाला बाई लावल्या होत्या. तो खर्च मी शिक्षणाच्या खर्चातच धरते, तुम्हीही धरा.

मग १ जुलै २०२४ आला. त्या दिवसापासून भारतीय दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याऐवजी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. पहिल्या वर्षी आम्ही १८६० च्या दंडसंहितेची ५११ कलमं घोकली होती. आता त्यांची ३५८ झाली आणि क्रमांक सगळे हलले. खून ३०२ चा १०३ झाला. चारसोबीसी ३१८ मध्ये गेली. तरुण पोरं वैतागली, "ताई, आपण शिकलो ते सगळं वाया गेलं." वाया काही गेलं नाही. ३० जूनपर्यंतचे गुन्हे जुन्याच दंडसंहितेखाली चालणार, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोर्टात दोन्ही लागणार. मी व्हॅट जाऊन जीएसटी आलेला पाहिला होता. तेव्हा जे केलं तेच इथं केलं: एका वहीत डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, मधे काय बदललं. ती वही वर्गात इतकी फिरली की शेवटी फौजदारांनी तिची झेरॉक्स काढून गठ्ठाच करून ठेवला. बार परीक्षेत नव्या कायद्यांवरही प्रश्न येतात, तेव्हा जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांनी हे काम टाळू नये.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते. मी ती दिवाणी कामं करणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे केली. पुस्तकात न सापडणारं बहुतेक सगळं तिथं दिसलं. पट्टेवाल्याचा पुकारा झाला की दोन मिनिटांत पोचायचं असतं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत काय लिहिलं गेलं ते त्याच दिवशी बघायचं असतं. कागदाला निशाणी क्रमांक पडला का, नक्कल कधी मिळेल, बेलिफाचा अहवाल आला का, यावर अर्धी सकाळ जाते. अर्ज, कैफियत, पुरावा बहुतेक मराठीतच. मी परीक्षा इंग्रजीत दिली होती, त्यामुळे मराठी मसुदे वाचायची सवय मुद्दाम करावी लागली. साहेबांच्या टेबलावरच्या जुन्या दाव्यांच्या फायली वाचणं हा त्यावरचा सर्वांत चांगला मार्ग.

शेवटचं सत्र २०२५ च्या उन्हाळ्यात झालं, निकाल ऑगस्टमध्ये. द्वितीय श्रेणी. घरी पेढे आणले, ऑफिसात नेले, आणि तिथंच सरांना सांगावं लागलं की आता नोकरी सोडते. कारण बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणं पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. हा निर्णय पदवीनंतर घ्यायचा नसतो, त्याची तयारी आधी करायची असते. आम्ही दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकत होतो, दोन वर्षं घरखर्चातला माझा वाटा त्यातून जावा एवढी. ती नसती तर मी पदवी घेऊन ऑफिसातच राहिले असते आणि त्यातही काही वाईट नव्हतं. आमच्या वर्गातल्या पंचायत समितीवाल्यांनी तेच केलं. खात्याच्या चौकशांमध्ये त्यांना कायद्याचा उपयोग होतोच आहे.

सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज. पुन्हा तेच सगळे कागद, पुन्हा माहेरचं-सासरचं नाव, पुन्हा लग्नाचा दाखला. सनदेवर कुठलं नाव हवं ते अर्ज भरण्याआधी ठरवा, कारण पुढं वकीलपत्रावर, शिक्क्यावर आणि कोर्टाच्या नोंदीत तेच राहणार. मी पदवीवरचंच ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "मग आमचं नाव नाही का लावणार?" नवरा म्हणाला, "आई, तिच्या वडिलांचे फेरफार वाचता वाचताच हे सुरू झालंय, राहू दे." विषय संपला. नोंदणी शुल्काबाबत आम्ही नशीबवान. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त पैसे राज्य बार कौन्सिलला घेता येत नाहीत. खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी हेच काम काही हजारांत जायचं. दिवाळीच्या आधी सनद मिळाली.

ती तात्पुरती असते. दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते. फी ३,५०० रुपये, शंभर प्रश्न, खुल्या गटाला ४५ टक्के. टिपा नसलेले बेअर ॲक्ट आत नेता येतात. नेता येतात म्हणून निर्धास्त राहू नका. कुठलं पुस्तक उघडायचं हे आधी माहीत असावं लागतं आणि पानं उलटण्यात वेळ जातो. मी फक्त दिवाणी प्रक्रिया संहिता, तीन नवे फौजदारी कायदे आणि संविधान एवढंच हाताशी ठेवलं, कडांना रंगीत पट्ट्या चिकटवण्याऐवजी अनुक्रमणिका तोंडपाठ केली. ३० नोव्हेंबरला पुण्यात पेपर दिला. आदल्या दिवशीच मावशीकडे जाऊन राहिले होते, रविवारी सकाळी खंबाटकी घाटात अडकायची भीती नको म्हणून.

सध्या त्याच वकीलसाहेबांकडे आहे. महसुली आणि दिवाणी कामं. दुय्यम निबंधक कार्यालयात बसून मिळकतीचा तीस वर्षांचा शोध घ्यायचा आणि सर्च रिपोर्ट लिहायचा, हे काम सध्या बहुतेक माझ्याकडे असतं, कारण तरुण ज्युनिअर मुलांना त्याचा कंटाळा येतो. मला येत नाही. मिळतं ते आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या एका फेरफार अपिलात साहेबांनी मागच्या आठवड्यात मला पहिल्यांदा बोलायला उभं केलं. मुदत मागायची होती, तेवढीच. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे आणि त्या वेळी युक्तिवादाची टिपणं मी काढायची आहेत, म्हणून आता थांबते.